थरथरती भिंत

खानावळ चालवणाऱ्या बाईला सगळी गिऱ्हाइकं वहिनीच म्हणत. तिचा नवरा पेंटर होता, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याची अक्षरं अशी असत की बंद दुकानाचीही पाटी वाचायला माणूस थांबावा. मग त्याला कंपवात झाला. हात थरथरायला लागला आणि दोन-चार पाट्यांची अक्षरं बिघडल्यावर काम बंदच झालं.

घरात बसून माणूस वेडा होईल म्हणून वहिनीनं त्याला खानावळीतली मागची भिंत दिली. म्हणाली, "हिला रंग दे. घाई नाही."

त्यानं छतापासून जमिनीपर्यंत उभे हिरवे पट्टे ओढायला सुरुवात केली. रोज एक. पहिले तीस-चाळीस सूत धरल्यासारखे सरळ आले. पुढं पुढं ते हलायला लागले, मग नागमोडी झाले. शेवटी तर डाव्या हातानं उजवं मनगट आवळून तो ब्रश खाली आणायचा. एका सकाळी निम्म्यावर आलेला पट्टा एकदम आडवा गेला आणि तिरपा घसरत फरशीला टेकला. त्याखाली पेंटर पडला होता. तिसऱ्या दिवशी तो गेला. वहिनीनं तो पट्टा तसाच ठेवला. फरशीवरचा रंगसुद्धा खरवडला नाही.

या गोष्टीला चार वर्षं झाली आणि एक दिवस खानावळीत एक डेकोरेटर आला. मोठ्या लोकांची घरं, हॉटेलं सजवणारा. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, बोलणं लोण्यासारखं. कॉफी मागवली आणि ती निवून साय धरली तरी हा भिंतीकडेच बघत बसला.

"घरात बसून मला काही सुचत नाही, वहिनी," तो म्हणाला. "म्हणून हिंडतो. हॉटेलं, खानावळी, धर्मशाळासुद्धा. कुठं काय सापडेल, नेम नाही."

"इथं काय सापडायचंय? खुर्च्या तेवढ्या डुगडुगतात."

तो खळखळून हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही. पत्रं वाटून झाल्यावर रोज तिथं जेवणारा पोस्टमन म्हणाला, "वहिनी, हा कॉफी प्यायला येतो की भिंत प्यायला?" वहिनी लाजून हसली. नवरा गेल्यापासून त्याच्याबद्दल तिला कुणी एक शब्द विचारला नव्हता. हा सगळं विचारायचा. रंग कुठला, ब्रश केवढा, किती वेळ लागायचा. ती हुरळून गेली. न मागता त्याच्या पुढ्यात आम्लेट ठेवू लागली.

एकदा त्यानं विचारलं, "ते ब्रश कसा धरायचे?"

तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरून दाखवलं.

"थरथरून दाखवा ना. अगदी तसंच."

तिनं तेही करून दाखवलं. त्यानं मोबाइलवर चित्रण केलं. स्वयंपाकघरात हाताखाली काम करणारी तिची लेक दारातून बघत होती. तो गेल्यावर ती म्हणाली, "आई, बाबांची नक्कल कशाला करून दाखवतेस परक्या माणसाला?"

"तुला मेलीला सगळ्यांचा संशय. कदर आहे त्याला!"

मग एका सुटीच्या दिवशी डेकोरेटर दोन कारागीर आणि पातळ कागदाची भेंडोळी घेऊन आला. "ही भिंत मला जपून ठेवायचीय," तो म्हणाला. वहिनीला वाटलं, पुस्तकात वगैरे छापणार असेल. तिनं टेबलं बाजूला ओढली, शिडी धरली, कागदाची टोकं दाबून धरली. कारागिरांनी एकेक पट्टा कागदावर गिरवून घेतला. शेवटच्या पट्ट्यापाशी ती स्वतः फरशीवर बसली आणि कागद कुठवर न्यायचा ते बोटानं दाखवलं.

त्यानंतर डेकोरेटर आला नाही. आठवडा झाला, महिना झाला. आजारी असेल, असं ती पोस्टमनला म्हणायची.

चार महिन्यांनी लेकीनं वर्तमानपत्र आणून तिच्यापुढं टाकलं. चौकातल्या नव्या हॉटेलच्या लॉबीचा फोटो होता. भिंत हिरव्या पट्ट्यांची. खाली डेकोरेटरनं सांगितलेली हकिगत: वाऱ्यानं हलणारं गवत बघताना त्याला ही कल्पना सुचली.

दोघी दुपारीच हॉटेलात गेल्या. लॉबी गारेगार होती. भिंत वहिनीच्या भिंतीच्या चौपट, वरून दिवे सोडलेले. कोपऱ्यात पितळी पाटीवर 'थरथर' आणि खाली डेकोरेटरचं नाव. शेवटचा पट्टासुद्धा तसाच आडवा जाऊन घसरत फरशीवर आला होता. तिथं एक जोडपं फोटो काढत होतं. तरुण पट्ट्याखाली जीभ बाहेर काढून आडवा झाला होता आणि बायको हसून हसून बेजार झाली होती.

वहिनी पुढं झाली, पट्ट्यावर हात ठेवला.

"ओ बाई, हात लावायचा नाही," पहारेकरी ओरडला.

तेवढ्यात पाहुण्यांना घेऊन डेकोरेटरच तिथं आला. तिला बघून जराही दचकला नाही. "अरे वा, वहिनी!" म्हणत पाहुण्यांकडं वळला. "यांची छोटीशी खानावळ आहे. कॉफी काय सुरेख करतात!"

"ही भिंत माझ्या बाबांची आहे," लेक म्हणाली. "त्यांचं नाव का नाही इथं?"

"कुठलं नाव, बाळ? तिथं सही होती का कुणाची?"

जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवणाऱ्या पेंटरनं स्वतःचं नाव कुठंच लिहिलं नव्हतं.

"साहेब, तुम्ही मला विचारून विचारून..." वहिनी म्हणू लागली.

डेकोरेटरनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला, "वहिनी, तुमच्या यजमानांचा हात आजारानं हलत होता. माझ्या माणसांनी तो मुद्दाम हलवला. हा शेवटचा पट्टा आम्ही सात वेळा पुसून पुन्हा काढलाय. तेव्हा कुठं माणूस पडल्यासारखा दिसला. तुमच्याकडं तो नुसताच पडला होता."

पाहुण्यांतला एक जण "वा!" म्हणाला. मग ते सगळे जेवायच्या दालनाकडं गेले.

हॉटेल गाजलं आणि खानावळीत नवी माणसं यायला लागली. येत, मागची भिंत बघत आणि एकमेकांना कोपरानं ढोसत. "हॉटेलची नक्कल!" सुरुवातीला वहिनी प्रत्येकाला थांबवून सगळं सांगायची, आजारापासून मरणापर्यंत. लोक "हो का?" म्हणायचे आणि मान खाली घालून हसू दाबायचे. एक बाई तर उठता उठता मैत्रिणीला म्हणाली, "धंद्यासाठी मेलेल्या नवऱ्यालाही सोडत नाहीत लोक." वहिनीनं ते ऐकलं. ताटली धुताना तिच्या हातातून निसटली आणि फुटली. तुकडे लेकीनं उचलले.

पावसाळा संपता संपता एका दुपारी चौघं जण आले. पोस्टमन त्याच्या जागेवर जेवत होता. चौघांतल्या एकानं भिंतीकडं बोट केलं. "मालकीणबाई, हे हॉटेलातलं बघून केलंत ना?"

पोस्टमननं घास खाली ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं. त्याच्या आधीच वहिनी म्हणाली, "हो. तिथलंच बघून केलंय."

"कुणाकडून काढून घेतलंत?"

"होता एक जण. हात धड नव्हता त्याचा."

"ते दिसतंयच!" चौघंही खो खो हसले. वहिनीही हसली. चांगली तोंड भरून हसली.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. लेक बाहेर आली, कमरेचा ॲप्रन सोडून तिनं गल्ल्यापाशी ठेवला आणि आईकडं न बघता रस्त्यावर गेली. पोस्टमन ताट अर्धं टाकून तिच्या मागं धावला. तो परत आला तो एकटाच.

"हाक नका मारू म्हणाली," तो म्हणाला.

"चार कॉफी ना?" वहिनीनं त्या चौघांना विचारलं आणि ती दूध तापवायला आत गेली.