बधिर पायावरचं कुंकू

नवरा पाच दिवसांपासून घरी आला नव्हता आणि तरी सरजाबाईला तो रोज तीन वेळा दिसत होता. ती भाकरी घेऊन बाजारतळावर जायची, फिरत्या सायकलीबरोबर पळायची आणि पळता पळता त्याच्या तोंडात घास घालायची. लग्नात लाजत लाजत भरवलेला घास तिला आठवायचा. तेव्हा निदान नवरदेव एका जागी बसला होता!

वाचकहो, हा खेळ तुमच्याही गावात झाला असेल. सात दिवस माणूस सायकलवरून उतरत नाही, गोल गोल फिरत राहतो. अंघोळ सायकलवर, दाढी सायकलवर. न्हावी बिचारा वस्तरा घेऊन उलटा चालतो. बाकीच्या गोष्टींचं विचारू नका, त्याला पडद्याची सोय होती. पाय जमिनीला टेकला की खेळ खलास. मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी पालममध्ये हा खेळ झाला तेव्हा सायकलवर बसला होता गावातलाच आश्रुबा, बौद्धवाड्यातला पंक्चर काढणारा. सातव्या दिवशी चावडीसमोर सगळ्या गावादेखत हार घालू, असं व्यंकटरावांनी त्याला कबूल केलं होतं. व्यंकटराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी. खेळ त्यांनीच भरवला होता आणि भोंग्यावर तेच बोलत.

पाचव्या दिवशी सकाळी सरजाबाईला मातीत तांबडे ठिपके दिसले. ठिपक्यामागे ठिपका, सगळं रिंगण भरून. तिनं वाकून पाहिलं. पायडलचं रबर झिजून लोखंड वर आलं होतं आणि आश्रुबाचा उघडा तळवा त्यावर कापत चालला होता.

"अवं, रगत यायलंय! दुखत न्हाई का?"

"कशाचं दुखतंय? परवापासून पाय हायेत का न्हाईत तेबी कळंना."

हे शेजारी उभ्या असलेल्या महादेवीनं ऐकलं. महादेवी तेलाच्या दुकानवाल्या नागप्पांची बायको, मनानं मऊ, पण विश्वास ठेवायला फार घाईची. तिनं कपाळाला हात लावला. "शिव शिव! रगत वाहतंय आन् दुखत न्हाई! देवाचा हात हाय गं याच्या पायावर!"

झालं. दुपारपर्यंत हळदीकुंकवाची ताटं आली. आडावर ज्यांच्या घागरी आश्रुबाच्या घागरीपासून चार हात लांब असत, त्या बाया सायकलीमागे पळत त्याच्या पायाला कुंकू लावू लागल्या. व्यंकटराव भोंग्यावर ओरडू लागले, "आश्रुबाला सिद्धी लाभली! वेदनाच न्हाई!" आणि आश्रुबा मान ताठ करून फिरत होता. त्याच्या तोंडावर कधी नव्हे ते तेज आलेलं पाहून सरजाबाई मागं फिरली.

ती थेट दवाखान्यात गेली आणि नर्स कुसुमबाईंना घेऊन आली. कुसुमबाई जिंतूरकडच्या, पन्नाशीच्या, चालायला हळू आणि बोलायला खणखणीत. त्यांनी सायकलीबरोबर चालत ओला फडका आश्रुबाच्या बोटांना लावला.

"गार लागलं का?"

"काय लावलं का बाई?"

कुसुमबाईंनी कपाळावर आठी घातली. "पाच दिवस त्याच सीटवर, त्याच पायडलवर भार देऊन नसा दबल्यात रे बाबा. आज उतरलास तर पायाची जाणीव बहुतेक परत येईल. नाही उतरलास तर सांगता येत नाही. त्यात ही जखम चिघळली तर पाय जाईल."

"दोनच दिस राह्यलेत, बाई," व्यंकटराव भोंगा खाली ठेवून म्हणाले. "गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

"इज्जतीला पाय नसतात, व्यंकटराव. ह्याला आहेत. अजून तरी!"

"पर देवानं दुखणं काढून घेतलं की त्याचं," महादेवी म्हणाली.

कुसुमबाई तिच्याकडे वळल्या. "दुखणं काढून घ्यायला ते काय पायातलं खेटर आहे? बरं, मला एक सांगा. चांगुणाबाईच्या बोटांना तव्याचा चटका कळंना झाला, तेव्हा तिच्या हातांना का नाही कुंकू लावलं? महारोग म्हणून तिला नाल्यापलीकडं झोपडीत नेऊन टाकलंत! औषध मिळतं, तिला पाठवा, म्हणून मी घसा कोरडा केला. तिचे हात बधिर, ह्याचा पाय बधिर. तिला विटाळ आणि ह्याला आरती! दोघांनाही फक्त दवाखाना पाहिजे होता!"

सायकलीची चेन करकरतच होती.

मग सरजाबाई रिंगणाची दोरी ओलांडून आत गेली आणि सायकलीच्या वाटेत उभी राहिली.

"बाजूला हो, सरजे."

"होत न्हाई."

त्यानं वळसा घातला. पुढच्या फेरीला ती पुन्हा समोर.

"सरजे, आपल्या घरात कवा कुणाच्या गळ्यात गावानं हार घातलाय का गं? दोन दिस कळ काढ."

तिचे डोळे भरून आले, पण ती जागची हलली नाही. "कळ काढीन की! पर त्यो हार घालून घरला कसं येताल? रांगत? परवा ह्यांनी आडावर आपली घागर सरकवली, आज पायाला कुंकू लावायलेत, उद्या पाय सडला तर नाल्यापलीकडं टाकतेल. तवा मीच येणार हाय भाकरी घेऊन. ह्यातलं कुणी न्हाई!"

आश्रुबानं गर्दीकडं पाहिलं. मग नाल्याच्या दिशेला पाहिलं. सायकल हळू झाली, डगमगली, आणि त्यानं पाय खाली टेकला!

जमीन त्याला कळलीच नाही. तो कोसळला. सरजाबाईनं त्याला सावरलं.

"बुडवलंस रं गावाला!" गर्दीतून कुणी ओरडलं.

मातीत बसल्या बसल्या आश्रुबानं डोकं वर केलं. "पाय माझा हाय! गावाचा न्हाई!"

दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात जायला परभणीच्या एस. टी.त एकाच बाकावर तिघं बसली होती: खिडकीशी चांगुणाबाई, पलीकडं आश्रुबा आणि मधे सरजाबाई, दोघांच्या हातांवर हात ठेवून. चांगुणाबाईची बोटं पाहून कंडक्टर जरा थबकला. पुढच्या बाकावरून कुसुमबाईंनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. त्यानं मुकाट तीन तिकिटं फाडली.

दोन महिन्यांनी दारात आश्रुबाच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि तो "आई गं!" म्हणून जोरात ओरडला. मग नवरा-बायको दोघंही हसत सुटली. चांगुणाबाईचं औषध मात्र अजून पुष्कळ दिवस चालायचं होतं. ती गावात राहूनच ते घेत होती, सरजाबाईच्या शेजारच्या खोलीत. महादेवीनं एकदा तिच्या दारात तेलाची बाटली ठेवली आणि न बोलता गेली. हेही काही कमी नाही.

तर मंडळी, दुखणं बोलतंय तोवर त्याचं ऐकावं आणि ते अचानक गप्प झालं तर आधी दवाखाना गाठावा. बधिर अंगाला ना पुजायचं असतं, ना गावाबाहेर काढायचं असतं. आणि दुसऱ्याच्या पायावर गावाची इज्जत उभी करू नये.

पुढच्या वर्षी व्यंकटराव पुन्हा आश्रुबाच्या दुकानी आले. म्हणाले, "औंदा नऊ दिसांचा खेळ करू."

आश्रुबानं ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "करू की, मालक. औंदा तुमी बसा सायकलीवर. कुंकू मी लावतो."