बासरीवाली बग्गी

हातखंब्याच्या तिठ्यावर ट्रकांना टेप बसवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. म्हणूनच रिसॉर्टचा मॅनेजर चिराग जेव्हा म्हणाला, "आमच्या गोल्फ कार्टला म्युझिक बसवायचंय, जमेल का?" तेव्हा माझं डोकंच फिरलं. सोळा चाकांच्या गाड्या वाजवणाऱ्याला ही खेळण्यातली बग्गी जमेल का म्हणे!

तरी गेलो, कारण तिथे माझी गोदामावशी झाडलोट करते.

रिसॉर्ट उतारावर, खाली समुद्र. बग्गी विजेवरची, आवाज म्हणून नाही. घेतली होती पाहुण्यांना खोलीपर्यंत सोडायला. पण दुपारी चिराग ती घेऊन कामगारांच्या पाठीमागे गुपचूप येऊन उभा राहायचा. मावशीचे गुडघे गेलेत. जेवल्यावर ती काजूच्या झाडाखाली दहा मिनिटं पाय पसरते. दोनदा सापडली, दोन मेमो मिळाले. तिसरा मिळाला की कायमचं घरी.

"रूपेश, मेल्या, एवढ्या गाड्या वाजवतोस," मावशी म्हणाली, "हिचा येताना काय तरी आवाज होऊ दे रे. मांजरीसारखी येते मेली."

रिसॉर्टच्या मालकांना, म्हणजे शेटना, पाहुण्यांसाठी मंद बासरी हवी होती. मी बसवली. बग्गी अठ्ठेचाळीस व्होल्टची, टेप बाराचा. मध्ये कन्व्हर्टर टाकला, काम चोख केलं. फक्त ट्रकच्या दोन सवयी ठेवल्या. स्पीकर ट्रकचे, आणि जोडणी थेट चावीवर. चावी फिरली की वाजलंच पाहिजे. बंद करायचं बटण सीटखाली, चार स्क्रूंच्या आड.

पंधरा दिवस कोणी सापडलं नाही. बासरी खालच्या वळणावरच ऐकू यायची आणि चिराग पोचेपर्यंत मावशीचा खराटा असा चालायचा की जमिनीची सालं निघावीत. म्युझिकमुळे स्टाफ सुधारला, असं चिरागने शेटना कळवलंसुद्धा! मग एके दिवशी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "बटण वर आणा. आजच," त्याचा फोन आला.

मी पोचलो तेव्हा बग्गी शेटना आणायला गेटवर गेली होती. मी काजूखाली मावशीशेजारी टेकलो. तिने नुकतेच पाय पसरले होते.

आणि चिराग आला. पायी.

मे महिन्यातला चढ, तोही भर दुपारी. शर्ट अंगाला चिकटलेला, तोंडातून शब्द फुटेना. खिशातून मात्र तिसरा मेमो डोकावत होता. माझ्या मस्करीपायी मावशीची नोकरी जाणार होती.

"आधी बसा, सायब," मावशी म्हणाली आणि तिने आपली कोकम सरबताची बाटली पुढे केली.

तो बसला. अर्धी बाटली प्यायला. बूट काढले, पाय पसरले, डोळे मिटले. मी मेमोकडे बघत होतो.

वळणावर बासरी वाजली.

सगळ्यात आधी चिराग उठला. एका पायात बूट, दुसरा सापडेना. हाताला लागला तो मावशीचा खराटा, तोच घेऊन त्याने पाला झाडायला सुरुवात केली.

"वा, चिराग! स्वतः?" बग्गीतून शेट म्हणाले.

"सायब रोज करतात हो, शेट," मावशीने ठोकून दिलं.

बग्गी वर निघून गेली. चिरागने खराटा परत केला. खिशातला मेमो काढला, त्यानेच कपाळाचा घाम पुसला आणि त्याचा बोळा करून पाल्याच्या ढिगात टाकला.

"ते बटण," माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "राहू दे खालीच."