कुट्टीचा कागद

मेंढरांना कधी कुणी कडबा कापून घालतं का? मेंढरं रानात हिंडून चरतात, हे शेंबड्या पोराला कळतं. पण मी पडले बारावी पास, बारा वर्षं चिकलठाण्याच्या कंपनीत घासलेली, लई शहाणी! कागदावर साक्षीदार म्हणून सही ठोकली की रत्नमालाचा उजवा हात गावी घरच्या कडबाकुट्टीत सापडला अन् दोन बोटं गेली. तिच्या सात पिढ्या मेंढरांमागं हिंडल्या. चारा कापायची मशीन त्या घरानं कधी घेतलीच नाय.

बोटं गेली ती आमच्या प्रेसवर. गाड्यांच्या ब्रेकचे पत्रे दाबायची मशीन ती. हात आत गेला की सेन्सरनं ती जागच्या जागी थांबावी. पण सेन्सरपायी मशीन सारखी थांबती, माल कमी निघतो, म्हणून पंधरा दिवसांपासून तो बंद करून ठेवला होता. मी शेजारच्याच मशीनवर होते. ओढणीत तिचा हात गुंडाळून मीच तिला बाहेर आणलं. आम्ही दोघी ठेकेदाराच्या बाया, म्हणजे राबायचं कंपनीत अन् कंपनीच्या वहीत नाव नाय.

रिक्षात ठेकेदाराचा माणूस बद्रीनाथ आमच्यासोबत बसला. इकडं रक्त टपकतंय अन् हा बाबा म्हणतो, "ताई, कंपनीत अपघात झाला म्हणून लिहिलं तर ठेका जाईल. चाळीस बाया घरी बसतील. गावी झालं म्हणा. दवाखान्याचं आम्ही बघतो, अन् हिला बसून करायचं काम देतो, कायमचं." मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, पटवून घेतलं. चाळिसात मीबी होते ना! रिक्षातच मी रत्नमालाकडून घोकून घेतलं. "म्हण, कुट्टीत हात गेला." ती कळवळत म्हणली, "कुट्टीत हात गेला."

दवाखाना झाला. बसून करायचं काम काय मिळालं नाय. चार महिने ती मुकुंदवाडीच्या खोलीत पडून होती. बद्रीनाथ फोन उचलंना. कंपनीतला अपघात म्हणून नोंद झाली असती तर भरपाई अन् हक्काचं काम मिळालं असतं. पण नोंद करणार कोण? कागदावर तर दवाखान्यातच घेतलेला तिचा डावा अंगठा अन् माझी सही.

मग कळलं, युरोपातून पाहुणी येणार. आमची कंपनी मूळची तिकडची. तिथल्या कामगार संघटनेची क्रिस्टिन नावाची बाई इथली परिस्थिती बघायला येत होती. कंपनीतल्या कायम कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष मल्हारराव दोन वर्षांमागं ब्रसेल्सला जाऊन एका करारावर सही करून आले होते. कंपनीच्या जगातल्या कुठल्याबी कारखान्यात, कायम असो की ठेक्याचा, कामगाराला सारखीच सुरक्षा, असा तो करार. त्याचा फोटो युनियनच्या ऑफिसात फ्रेम करून लावलाय. अन् त्याच युनियनमध्ये ठेक्याच्या बाईला सभासद होता येत नाय. घटनेत बसत नाय म्हणे!

मी मल्हाररावांकडं गेले. म्हणलं, "भाऊ, त्या बाईपुढं रत्नमालाचा विषय काढा."

"सत्यशीला, डोकं फिरलंय का तुझं?" ते म्हणले. "तिकडं कायदा आणलाय, की बाहेरच्या देशात कामगारांचे हाल झाले तर कंपनीनं तिथं जाब द्यायचा. ऐकायला लई गोड. पण कंपनी जाब देत बसत नाय, ऑर्डर दुसऱ्या देशात नेती. मग ती बाई येणार का आपल्या चुली पेटवायला? आधी घरात बसून बोलू. ह्यालाच तिकडं सामाजिक संवाद म्हणतात."

"चार महिने झाले भाऊ, कोण बोललं तिच्याशी?"

"बघतो," म्हणले. त्यांचं सगळंच खोटं होतं असं नाय. ऑर्डर जाती, हे मीबी पाहिलंय. पण भीती सगळ्यांची अन् बोटं एकटीची, हा कुठला न्याय?

पाहुणीला कामगारांशी बोलायला एक तास ठेवला होता. पाऊण तास सत्कारात गेला. शाल, श्रीफळ, हार, वर फेटा. फेटा तिच्या डोळ्यावर यायला लागला तरी फोटो संपंनात. शेवटी तिनं तो काढून मांडीवर ठेवला अन् दुभाषी पोरगी अपेक्षा हिच्याकडून विचारलं, "ठेक्याच्या कामगारांपैकी कुणी जखमी झालंय का?"

सगळ्यांच्या माना खाली. पाहुण्यापुढं घरचा उकिरडा उकरायचा नाय, ही आपली रीत. आग लागो त्या रीतीला! मी उठले अन् सगळं सांगितलं. प्रेस, सेन्सर, रिक्षा, काहीच ठेवलं नाय.

क्रिस्टिननं भराभरा लिहून घेतलं. मग म्हणली, "लेखी काही आहे का? आमच्याकडं तो कायदा ढिला करायला लोक टपलेत. कागदाशिवाय गेले तर कंपनीचे वकील मला उभं राहू देणार नाहीत."

"कागद आहे की," मल्हारराव म्हणले, अन् फाईलमधून त्यांनी तोच कागद काढला. म्हणजे ते तयारीनंच आले होते. अपेक्षानं इंग्रजीत वाचून दाखवला. मला त्यातलं माझं नाव तेवढं कळलं.

"सही तुमची?" क्रिस्टिननं विचारलं.

"माझीच. पण मजकूर खोटा."

"मग तुम्ही खोटं कधी बोललात? तेव्हा की आता?"

टोमणा नव्हता तिचा, कामाचाच प्रश्न होता. पण मला तो झोंबला. मी ओरडले, "तवा! मेंढरवाल्याच्या घरी कुट्टी असती का? चला आत्ता गावी, दाखवा मला मशीन!" मागं कोणतरी फिदीफिदी हसलं. कुट्टी म्हणजे काय, हे अपेक्षाला कळंना; कागद वाचताना तिनं नुसतं 'मशीन' म्हणून भागवलं असणार. शहरात गुलमंडीतल्या कापडदुकानदाराची लेक ती, तिनं कुट्टी कुठं बघितली? ते समजावण्यात अजून पाच मिनिटं गेली.

"मग तिलाच विचारू," क्रिस्टिन म्हणली.

रत्नमालाला मीच आणलं होतं, शेवटच्या रांगेत बसवलं होतं. सकाळी बद्रीनाथ तिच्या खोलीवर जाऊन पॅकिंगमधल्या कामाचं पत्र दाखवून आला होता, हे मला कुठं ठाऊक? ती उठली. हात पदराखाली. माझ्याकडं बघितलं नाय.

"कुट्टीत हात गेला," ती म्हणली. एक शब्द इकडचा तिकडं नाय.

क्रिस्टिननं वही मिटली. जाताना माझ्या हातात तिचं कार्ड ठेवलं अन् सॉरी म्हणली. सॉरीचं काय लोणचं घालू? आठवड्यानं मल्हाररावांनी ग्रुपवर टाकलं, 'युरोपच्या शिष्टमंडळाकडून संवादाबद्दल समाधान व्यक्त.' खाली टाळ्यांचे पन्नास हात. सोमवारी गेटवर माझं हजेरीचं कार्ड चाललं नाय. रत्नमाला मात्र पॅकिंगला, खुर्चीवर.

बाजारात गाठून मी तिला नाय नाय ते बोलले. ती आपली डाव्या हातानं भाजी निवडत राहिली, त्याचा तर अजून राग आला.

परवा दुपारी तीच माझ्या दारात. मी चहा ठेवला, तोंड वाकडं करूनच. ती म्हणली, "ताई, तनुजा म्हणून नवी पोरगी घेतली होती आपल्या प्रेसवर. एकोणीस वर्षांची. काल तिची तीन बोटं गेली."

"सेन्सर?"

"बंदच होता. चालू करायला झालंय काय तिथं, कागदावर?"

खरंच की. त्या प्रेसवर आजवर काही झालंच नव्हतं. आम्हीच तसं लिहून दिलं होतं.

"तुझ्याकडं त्या बाईचं कार्ड आहे ना?" रत्नमाला म्हणली. "कर फोन. सांग तिला."

"काय सांगू? अन् माझं ऐकंल कोण? मी कागदावर खोटी, तू तोंडानं खोटी." मी कप तिच्यापुढं ठेवला. "त्या पोरीची बोटं आपण दोघींनी घालवली, रत्ने."

मला वाटलं भांडंल, रडंल तरी.

"व्हय," ती म्हणली. चहा अर्धाच पिऊन उठली. तिची पॅकिंगची पाळी तीनला लागायची होती.