सिंहाच्या झाकणाची फणेरपेटी

मी एक जुनी फणेरपेटी आहे, मित्रांनो. शंभरीला टेकले, आणि त्यातली नव्वद वर्षं लोकांनी मला सैनिकाची पेटी म्हणून वागवलं. मी काही बोलले नाही. लाकडाला तोंड नसतं, आणि असतं तरी कोणी ऐकलं असतं असं वाटत नाही. आता थकले आहे. बिजागऱ्या कुरकुरतात, एक पाय झिजलाय. म्हणून एकदाच सगळं सांगते.

नगरच्या कँपात गेनू सुतार होता. गोऱ्या साहेबांची टेबलं, खुर्च्या, पलंग तोच करायचा. त्याची मुलगी सगुणा त्याला जेवणाचा डबा घेऊन यायची. तिथे टिमथी मॅकार्डल नावाच्या आयरिश शिपायाची आणि तिची गाठ पडली. पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. तिनं घरी सांगितलं तेव्हा गेनू आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी त्यानं शिसवीची उरलेली फळी काढली आणि मला करायला घेतलं. मुलगी सासरी निघाली की तिला फणेरपेटी द्यायची, एवढंच त्याला ठाऊक होतं. सासर कुठलं का असेना.

झाकणाच्या आत आरसा बसवला. खाली फणी-करंड्यासाठी कप्पा केला. कोपऱ्यात दोन वाट्या कोरल्या, एक मेणाची आणि एक कुंकवाची. काम असं चोख की झाकण लावलं तर आवाज यायचा नाही. अशी दिसायचे मी. आता नाही दिसत, पण तेव्हा दिसायचे.

मग तो टिमथी आला. तो ज्या कॅप्टनची बडदास्त ठेवायचा, त्याचंही आडनाव मॅकार्डल. कॅप्टन आयर्लंडमधल्या एका उमरावाचा धाकटा मुलगा. टिमथी म्हणायचा, माझी आजी त्याच घराण्यातली. खरं की खोटं, देव जाणे. त्याच्या आजीला मी पाहिलेलं नाही, तेव्हा उगाच जीभ विटाळत नाही. एका संध्याकाळी त्यानं कॅप्टनचा पितळी शिक्का गुपचूप आणला. पत्रावर लाख ओतून दाबायचा तो शिक्का. त्यावर सिंह होता. टिमथीनं हातवारे करून सांगितलं, हा झाकणावर कोर.

आता असं बघा, शिक्क्यावर चित्र उलटं असतं, म्हणून लाखेवर ते सुलटं उमटतं. गेनूला हे काय माहीत? त्यानं जन्मात पत्र लिहिलं नव्हतं. जसा दिसला तसा सिंह त्यानं कोरला. आयाळीचा केसन् केस कोरला, पण तोंड उलट्या बाजूला. तो सिंह मी आजपर्यंत डोक्यावर वागवते आहे.

पुढे चर्चमध्ये सगुणाचं रोझ झालं आणि आम्ही बोटीनं अमेरिकेला आलो. वाटेत माझा आरसा फुटला. शिकागोत तिला थंडी मानवली नाही. रोज सकाळी माझ्यापुढे बसून ती मेण लावायची, त्यावर कुंकू टेकायची आणि बाहेर निघताना पुसून टाकायची. मुलगा तीन वर्षांचा असताना ती गेली. टिमथीनं फणी काढली, करंडा काढला आणि माझ्या पोटात आपली पदकं आणि लष्कराचे कागद कोंबले. त्या दिवसापासून मी बाप्याची पेटी झाले.

मुलाचं नाव जोसेफ. रंग सगुणाचा, गव्हाळ. मोठा झाल्यावर तो कामासाठी कारखान्याच्या फाटकावर गेला, तर मुकादम म्हणाला, "आयरिश म्हणवतोस, दिसत तर नाहीस. कागद आण." टिमथीनं त्याला माझं झाकण दाखवलं. "आपण उमरावाच्या रक्ताचे. आपल्यात असे काळसर निघतात." जोसेफनं ते धरून ठेवलं. पुढे काही वर्षांनी त्याच फाटकावरून त्याला पुन्हा परत पाठवलं, तेव्हा त्याची नऊ वर्षांची मुलगी नोरा हात धरून शेजारी उभी होती. मरताना त्यानं तिला एवढंच सांगितलं, "तो कागद मिळव."

नोरानं लग्न केलं नाही. पोस्टात नोकरी केली, निवृत्त झाली, नेपरव्हिलला छोटं घर घेतलं आणि कागदाच्या मागे लागली. बर्फ असो, ऊन असो, आगगाडीनं शिकागोला जायची, तिथल्या मोठ्या वाचनालयात बसायची. आयर्लंडला पत्रं, लंडनला पत्रं. माझ्या पोटात त्यांचा असा गठ्ठा झाला की झाकण लागेना. आल्यागेल्याला ती माझी लाल वाटी दाखवायची. "ही मोहोर करायची लाख. घराण्यात मोहोर होती म्हणूनच ना?" लोक मान डोलवायचे. मी मनात म्हणायचे, बाई गं, काय बघतेयस आणि काय सांगतेयस.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये डब्लिनच्या वंशावळींच्या जाणकाराचं उत्तर आलं. नोरानं ते उभ्यानंच वाचलं. टिमथीची आजी घराण्याच्या नोंदीत कुठेच नव्हती. आणि तिनं पाठवलेल्या माझ्या छायाचित्रातला सिंह उलट्या बाजूला पाहत होता. घराण्यातला कोणीही असा सिंह करवून घेणार नाही, असं त्यानं अदबीनं लिहिलं होतं. अदबीनं मारलेली थप्पड लवकर उतरत नाही. तिनं सगळे कागद काढून कोळशाच्या बादलीत टाकले आणि मला गराजमध्ये रंगाच्या डब्यांवर ठेवलं.

मे महिन्यात तिनं गराज सेल लावला. मी टेबलावर, एका बाजूला गंजका टोस्टर, दुसऱ्या बाजूला बर्फाचे बूट. एवढं आयुष्य काढून शेवटी ही संगत. शेजारच्या डॉक्टर गुरुदत्तांची बायको विनीता सासूला घेऊन आली. सासूचं नाव पद्मिनीबाई, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्यांनी मला उचललं, झाकण उघडलं, आणि त्यांचा अंगठा सरळ वाटीत गेला. नव्वद वर्षांत पहिल्यांदा कोणी मला बरोबर धरलं.

"अगं विनीता, ही फणेरपेटी इथे कशी?"

"आई, ते नोराचं आहे. तिच्या आजोबांचं. सोल्जर होते ते."

"सोल्जरला काय कुंकू लावायचं होतं?"

"आई, हळू बोला ना. ऐकतेय ती."

"ऐकू दे. तिला कुठे कळतंय? विचार तिला, ही वाटी कशाची."

विनीतानं विचारलं. नोरानं मान वर न करता सांगितलं, "मोहरेची लाख. निदान तसं समजत होते. हवी असेल तर घेऊन जा."

पद्मिनीबाई तडक घरी गेल्या आणि आपली मेण-कुंकवाची डबी घेऊन आल्या. त्या अजून मेणावरच कुंकू लावायच्या. टेबलाशी उभं राहून त्यांनी बोटानं मेण घेतलं, कपाळाला टेकवलं, त्यावर कुंकू लावलं आणि ते लाल बोट माझ्या वाटीशी नेलं. तोच लाल, फक्त माझा जुना, करपलेला.

"सांग तिला. बाईची पेटी आहे. आमच्याकडच्या बाईची. बापानं लग्नात दिलेली. आणि हे काम विकतचं नाही, मनापासून केलंय; तो बाप सुतारच असणार."

विनीता सांगू लागली. नोरा घडीच्या खुर्चीवर बसली. ती स्वतःच्या मनगटाचा रंग पाहू लागली. मग म्हणाली, "माझ्या वडिलांची आई. रोझ म्हणायचे. कुठली, ते कोणी बोलायचं नाही." पुढे म्हणाली, "म्हणजे फाटकावरचा तो माणूस बरोबर होता."

कोणता माणूस, ते नोरानं सांगितलं आणि विनीतानं ती गोष्ट सासूला सांगितली. पद्मिनीबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"कसला बरोबर? भार उचलायला दंड लागतात, का वंशावळ लागते? मेल्याला म्हणावं, पेटी बघ. ज्याच्या आजाचा हात असा, त्याच्याकडे तू कागद मागतोस?"

"आई, मेला कसं सांगू इंग्लिशमध्ये?"

"तुझं तू बघ."

विनीतानं जमेल तसं सांगितलं. नोरा हसली नाही, पण तिचे खांदे खाली आले. साठ वर्षं ते वर चढवून बसली होती बिचारी.

"तिचं खरं नाव काय होतं?" तिनं विचारलं. "रोझ तर आमच्या लोकांनी ठेवलं असेल."

पद्मिनीबाई मला उलटून पालटून पाहू लागल्या. तळाला पाहिलं, आरशाच्या चौकटीमागे पाहिलं. गेनूनं नाव घातलं नव्हतं. आपल्या मुलीच्या पेटीवर तिचं नाव कशाला घालायचं, ती काय हरवणार आहे? असं त्याला वाटलं असेल.

"नाही गं. नाव कुठे नाही," पद्मिनीबाई म्हणाल्या. आणि माझी काय अवस्था झाली, ते माझं मला ठाऊक. मी एकटी जाणत होते. सगुणा. तीन अक्षरं.

नोरानं मला विकलं नाही. त्याच दुपारी तिनं बादलीत टाकलेला वंशावळीचा मोठा कागद काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला, उमरावाचं नाव खोडलं आणि विनीताला विचारून विचारून नवी ओळ लिहिली. मग ती मोठ्यानं वाचून दाखवली. "आजी, सुताराची मुलगी, हिंदुस्थान. नाव माहीत नाही." बापाला दिलेला शब्द तिनं असा पुरा केला. अर्धा का होईना, पण खरा.

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, उन्हापावसात ठेवू नका, हे सांगणार होते. पण ते राहू द्या. लाकूड पुसलं नाही तरी चार दिवस जास्त टिकतं, माणूस टिकत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या आईचं नाव विचारा. आईच्या आईचं विचारा. ते कंटाळा करतील, कशाला हवंय म्हणतील, तरी हटून बसा आणि लिहून घ्या. रोज सकाळी नोरा तो कागद उघडते, त्या ओळीशी थांबते आणि घडी घालून माझ्यात ठेवते. नाव माहीत नाही, असं लिहिलेला कागद माझ्याच पोटात आहे.