पाटीखालचा बाक

‘नवोदितांचे स्वागत. अनुभवाची अट नाही. स्थानिकांना प्राधान्य.’ घोटावड्याजवळच्या एका प्लास्टिकच्या कारखान्याच्या फाटकावर, निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत हे लिहिलेले आहे. पाटीचे शुद्धलेखन निर्दोष आहे. तिच्याविषयी एवढे एकच विधान मी खात्रीने करू शकतो. कारण ती वाचून आत गेलेला गावातला तरुण बाहेर येतो, तेव्हा त्याला सांगितलेले असते की तुला अनुभव नाही. काम केल्याने अनुभव येतो आणि अनुभव असल्यास काम मिळते. आपल्या जुन्या तर्कशास्त्र्यांनी या दोषाला अन्योन्याश्रय असे नाव दिले होते. त्यांच्या सभेत या दोषाने पंडित वाद हरत. येथे त्याच दोषावर एक कचेरी सुरळीत चालते.

मित्रांनो, मी त्या पाटीखाली ठेवलेला एक जुना बाक आहे.

पौडच्या एका सुताराने मला बाभळीच्या फळ्यांतून घडवले आणि माझी रवानगी वस्तीवरच्या शाळेत झाली. मुले माझ्यावर बसून पाढे म्हणत. शनिवारी ओल्या फडक्याने मला पुसत. शिकलात तर कुणाच्या दारात ताटकळावे लागणार नाही, असे गुरुजी सांगत, आणि मीही ते खरे मानी. पुढे कारखान्याने शाळेला नवे बाक भेट दिले, छायाचित्रे काढली आणि परतीच्या टेम्पोत मला घालून फाटकावर आणले. आता माझा एक पाय विटेवर टेकलेला आहे. मला कोणी पुसत नाही. माझ्यावर नोकरी मागणारे बसतात, तेही अगदी कडेला. हाक आली तर उठायला वेळ लागू नये, आणि हाकलले तरी लागू नये, अशा बेताने.

गेल्या भाद्रपदात नंदा आली. ती धनगराची मुलगी, नुकतीच बारावी झालेली. तिचे वडील बिरदेव यांची मेंढरे दसरा झाला की कोकणाच्या वाटेला लागतात. बिरदेव काही दुष्ट मनुष्य नव्हे. पण नंदाच्या आईचे गुडघे गेलेले, आणि कोकरे सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. त्यांनी मुलीला सांगितले होते की दसऱ्याच्या आत काम लागले, तर घोटावड्यात आत्याकडे राहा आणि कॉलेजही कर. नाही लागले, तर मेंढरांमागे चल.

फाटकावर कुशाबा नावाचे रखवालदार बसतात. गावाने जमीन दिली तेव्हा नोकरीचे वचन मिळाले होते. ते वचन म्हणजे कुशाबा. साऱ्या गावातून घेतलेला एकच माणूस, आणि तोही फाटकाच्या बाहेर बसणारा.

“कुटली गं तू?” त्यांनी विचारले.

“हितलीच, घोटावड्याची.” नंदाने हे मान वर करून सांगितले.

कुशाबांनी आवाज उतरवला. “लांबचं गाव सांग, पोरी. आतल्या सायबाला हितली म्हणू नगं.”

“तात्या, पाटी वाचता येती मला,” ती हसून म्हणाली.

आतले साहेब म्हणजे भरतीचे काम पाहणारे निरंजन. त्यांनी मृदू आवाजात तिला अनुभव नसल्याचे कळवले. ती पुन्हा आली, तेव्हा माझ्या दुसऱ्या टोकाला बिहारहून आलेला एक तरुण बसला होता. पहिल्यांदाच घर सोडलेला, घाबरलेला. “मशीन तो दीदी, आज पहली बार देखूँगा,” त्याने तिला सांगितले. त्याला त्याच दिवशी कामावर घेतले. झाकणे तपासण्याचे, म्हणजे नंदाने मागितलेलेच काम. त्या बिचाऱ्याचा यात काडीचाही दोष नव्हता. घाईत त्याचा डबा माझ्यावर राहिला, तो नंदाने कुशाबांच्या हाती आत पाठवला.

मग नंदाच्या आत्याने, सगुणाबाईंनी, आपल्याकडे जे सारे करतात तेच केले. त्या जयसिंग पाटलांकडे गेल्या. कारखान्याखालची निम्मी जमीन एकेकाळी त्यांची. ते स्वतः जीपमधून आले आणि फाटकातच निरंजनांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आपल्या गावची पोरगी हाय, सायेब. हिला घेतलं म्हंजी मला घेतलं.” निरंजनांनी चहा पाजला, नक्की बघतो म्हणाले आणि जीपपर्यंत पोचवायलाही आले. सगुणाबाई घरी जाऊन लापशी करणार होत्या.

जीप वळली तसे कुशाबा नंदाकडे न बघता म्हणाले, “पोरी, लागायच्या आधीच नारळ मिळाला तुला.”

तिला ते पटले नाही. शिफारशीने काम बिघडते, हे तिला कोणत्या शाळेने शिकवले असते? ती रोज आली. दसऱ्याच्या आदल्या दुपारी मात्र ती माझ्या कडेला न बसता मधोमध बसली. निरंजन चहाला बाहेर आले, तेव्हा तिने उभी न राहता विचारले, “सायेब, त्या बिहारच्या पोराला कुटला अनुभव होता? खरं सांगा. मी भांडायची न्हाई. उद्या दसरा, मग मला जायचंय.”

निरंजन तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी उत्तर दिले. ऐकून नंदाने ओढणी नीट केली, “बरं,” म्हणाली आणि निघाली. दसरा उलटला तशी ती कोकणाच्या वाटेला लागली. पाटी अजून जागेवर आहे. परवाच तिला नवा रंग दिला.

मित्रांनो, माझा पाय सांधा अशी याचना मी करीत नाही. वीट मला पुरते. तुमच्या घरातले कोणी अशा बाकावरून उठून हात हलवीत परत आले, तर त्याची एवढी काळजी घ्या की तो स्वतःला अपुरा समजून झोपणार नाही. आधी त्याला जेवायला वाढा. मग निरंजन साहेबांचे त्या दुपारचे शब्द त्याला ऐकवा. मी त्यांत माझे काही मिसळलेले नाही.

“अनुभवाचं काय घेऊन बसलीस? झाकणं तपासायला दोन दिवसांत कुणीही शिकतं. पण तुला उद्या कामावरून कमी केलं, तर परवा अख्खं गाव फाटकावर येईल. त्या मुलासाठी कुणी येणार नाही. ज्याला काढता येत नाही, त्याला आम्ही घेत नाही.”