पाण्याशी वैर

थप्पड बसली, स्टीलचा पेला फरशीवर गडगडत गेला, आणि मग आईला आठवलं की पाण्याची बंदी उठून पंधरवडा झालाय.

"सिस्टरनीच सांगितलंय ना प्यायला," गालावर हात ठेवून टिटवी म्हणाली. नऊ वर्षांच्या पोरीला बडबडीवरून पडलेलं हे नाव. पण एवढं बोलून ती गप्प झाली ती झालीच.

खरं तर सकाळीच दवाखान्यातून फोन आला होता. रक्ताचा रिपोर्ट बिघडलाय, बहुतेक पाणी कमी पडतंय, आज भरपूर पाजा. उद्या पुन्हा तपासू, नाही सुधारलं तर भरती करावं लागेल. आईने मान डोलावून ऐकलं होतं. पण डोक्याला कळलं तरी हाताला कोण सांगणार? चार वर्षं पोरीच्या किडन्या बंद होत्या. प्यालेला घोट अंगातच साचायचा. पाय सुजायचे, धाप लागायची, की पळा डायलिसिसला. एकदा तर तिने फुलदाणीतलं पाणी पिऊन टाकलं होतं. त्या चार वर्षांत आईने पाण्यालाच पाण्यात पाहिलं. मग बाबांनी आपली एक किडनी लेकीला दिली आणि सगळं उलटं झालं. आता पाणी म्हणजे औषध.

दुपार झाली तरी टिटवी भिंतीकडे तोंड करून पडलेली. आई पेला घेऊन जाई, तसाच परत आणी, ओतून पुन्हा ताजा भरी. लाडीगोडी झाली, दरडावून झालं, देवाची शपथ घालून झाली. गॅसवरचं दूध उतू गेलं तेही तिला कळलं नाही.

"अगं, माझी किडनी आहे ती," पलीकडच्या कॉटवरून बाबा म्हणाले. "बसड्रायव्हरची! दिवसाला बादलीभर पाण्याची सवय तिला. उपाशी ठेवू नकोस बिचारीला."

एरवी टिटवी खिदळली असती. आज तिने वळूनही पाहिलं नाही.

"तुम्ही पडून राहा हो. टाके उसवायचे," आई खेकसली आणि लगेच तिला रडू आलं. नवऱ्याचं पोट फाडून मिळालेला जीव आपण एका थपडेने घालवतोय, असं तिला वाटलं. ती पोरीच्या उशाशी बसली.

"चुकलं माझं. हात तुटला असता तर बरं झालं असतं. पण पी ना गं राणी."

"तहान नाहीये."

आईच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या पोरीने चार वर्षं झोपेतही पाणी मागितलं, ती म्हणते तहान नाही.

"एकच घोट."

टिटवी वळली. ओठ कोरडे पडले होते. "आधी तू पी."

"मी पिते नंतर."

"नंतर म्हणजे मोरीत? दार लावून?"

आईने पेला खाली ठेवला.

"नळ सोडून ठेवायचीस, मला ऐकू येऊ नये म्हणून. बाहेर आलीस की पदराने तोंड पुसायचीस. मला सगळं माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते तर तू पण प्यायची थांबली असतीस."

बाबांनी कूस बदलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून नुसतेच छताकडे बघत राहिले. आईने पेला उचलला. पहिला घोट घशात अडकला, ठसका लागला. टिटवी उठून बसली आणि तिची पाठ थोपटू लागली.

"सावकाश पी. कुणी ओरडत नाहीये."

लेकीच्या नजरेसमोर आईने तो पेला घोटाघोटाने संपवला. टिटवी तिच्या गळ्याकडे एकटक बघत होती. मग तिने हात पुढे केला.

"आता मला दे."

आईने उशाजवळचा तांब्या उचलून दुसरा पेला भरायला घेतला. पाणी काठावरून चादरीवर सांडत राहिलं, पण भरायचं थांबावं असं तिला वाटेना.