दोनशे चौदाव्या पानावरची कोरी जागा

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. माझं मुखपृष्ठ एके काळी भडक गुलाबी होतं, आता ते पुष्कळदा धुतलेल्या फडक्यासारखं फिकं पडलं आहे. त्यावर एक बाबागाडी आहे आणि तिच्या दांडीला उंच टाचेचा लाल बूट अडकवलेला आहे. तुम्ही मुलं माझ्यासारखी पुस्तकं हातात घेत नाही. 'हे आईचं' म्हणून बाजूला सारता. आज मात्र थोडा वेळ बसा. मला जे सांगायचं आहे ते तुमच्या आईबद्दलही असू शकेल.

लंडनजवळच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. त्या दिवशी माझ्यासारख्या आठ हजार बहिणी यंत्रातून बाहेर पडल्या. कण्याला लावलेला डिंक अजून गरम होता. माझ्या पोटात पॉपी नावाच्या मुलीची गोष्ट होती. पॉपीला दिवस जातात. ती साहेबांच्या बैठकीत चक्कर येऊन पडते, आइस्क्रीमला लोणच्याची काकडी लावून खाते, आणि बाळंतपणाच्या कळा तिला नेमक्या एका महागड्या दुकानात सुरू होतात. वाचताना बायका हसून हसून डोळे पुसत. एकतिसाव्या प्रकरणाच्या शेवटी बाळ पॉपीच्या छातीवर ठेवतात. 'आणि त्या क्षणी तिचं मन प्रेमानं काठोकाठ भरून गेलं.' त्या वाक्याखाली दोनशे चौदावं पान अर्धं कोरं आहे. पान उलटलं की पुढचं प्रकरण सुरू होतं, 'तीन महिन्यांनंतर.' पॉपी जुन्या जीन्समध्ये मैत्रिणींबरोबर कॉफी पीत बसली आहे आणि बाळ गाडीत गाढ झोपलं आहे.

ते कोरं अर्धं पान मला फार देखणं वाटे. मी भोळी होते.

मी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या पोर्टलॉरन नावाच्या मासेमारीच्या गावात आले. तिथलं वाचनालय म्हणजे एकच खोली होती, आणि ते सांभाळणाऱ्या होत्या मिसेस नेटा रे. गावातल्या बायका आठवड्याला तीन-तीन पुस्तकं फस्त करत. मग कोणतं वाचलं आणि कोणतं नाही, हे लक्षात राहत नसे. म्हणून प्रत्येकीनं आपली एक खूण ठरवली होती. पुस्तक वाचून झालं की सातव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ती बारीक खूण काढायची. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एफीची खूण मासा, डोलिनाची विणकामाच्या दोन सुया. पुस्तकावर लिहायला सक्त मनाई होती, पण मिसेस रे सातव्या पानाकडे काणाडोळा करत. बाकीच्या पानांना मात्र माफी नव्हती. परत आलेलं प्रत्येक पुस्तक त्या खोडरबर घेऊन साफ करत. समासात कुणी 'बटाटे, साबण, मेणबत्त्या' लिहिलेलं असे, कुणी नवऱ्याला शिव्या घातलेल्या असत. दुसऱ्याचं खासगी वाचू नये म्हणून त्या नजर खिडकीकडे ठेवून खोडत. हाताला सवयच झाली होती.

एका मार्च महिन्यात मला सेंगानं घरी नेलं. सेंगा तेवीस वर्षांची. नवरा कॅलम मासेमारीच्या मोठ्या बोटीवर, तीन-तीन आठवडे समुद्रात. आई-वडील नाहीत, वाढवलं आजीनं, आणि ती जेसीआजीही तीन वर्षांपूर्वी गेलेली. सेंगाची मुलगी मिरेन सहा आठवड्यांची होती.

मित्रांनो, त्या घरात मी पहिल्यांदा घाबरले.

मिरेन रडायची आणि सेंगा खिडकीशी उभी राहायची. बाळाला दूध पाजायची, कपडे बदलायची, सगळं अगदी वेळेवर, पण दुसऱ्या कुणाचं तरी बाळ सांभाळायला दिलंय अशा हातांनी. मग मला उघडायची, दोनशे चौदावं पान काढायची आणि ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाचायची. काठोकाठ. काठोकाठ. पानावरून तिचं बोट फिरायचं तेव्हा मला ते बर्फासारखं लागायचं.

शेजारणी विणलेले मोजे घेऊन येत. "आणा बघू कुठंय ती! कशी आहे आमची परी?" म्हणत गाडीत डोकावत, गालगुच्चा घेत आणि जात. आरोग्यसेविका आली. तिनं बाळाचं वजन केलं आणि वहीतून मान वर न करता विचारलं, "आणि तू गं? बरी आहेस ना?"

सेंगा हसून म्हणाली, "दमायला होतं हो, पण तिचा चेहरा पाहिला की सगळा शीण पळतो."

मी हादरले. ते वाक्य पॉपीचं होतं! माझ्याच दोनशे एकोणिसाव्या पानावरचं. सेंगानं ते मुखवट्यासारखं चढवलं होतं, आणि तो मुखवटा तिला मी पुरवला होता. सेविका म्हणाली, "छान, छान," आणि निघून गेली.

पुढच्या गुरुवारी दुपारी सेंगानं पेन्सिल घेतली आणि माझ्या त्या कोऱ्या जागेत चार ओळी लिहिल्या. ते पुसलं जाणार हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच तिला लिहिता आलं असावं. मग सवयीनं तिनं सातवं पान उघडलं. लहान असताना आजीनं हाताला धरून शिकवलेली खूण तिनं काढली. एक होडी, खाली तीन लाटा. आपण काय करतोय याचं भान तिला नव्हतं.

साडेतीनला ती बाबागाडी ढकलत वाचनालयात आली. मला तिनं टेबलावर ठेवलं.

"मिसेस रे, बेकरीतून बटरी घेऊन येते. बाहेर वारा फार आहे. पाच मिनिटं हिच्याकडे बघाल?"

"त्यात विचारायचं काय? ठेव तिथं हीटरपाशी."

गावातली प्रत्येक आई तिथं गाडी ठेवून बटरी, म्हणजे तिथला लोण्याचा पाव, आणायला जात असे. मिसेस रे यांना त्यात काही वेगळं दिसलं नाही. मला मात्र सेंगाच्या खांद्यावरची मोठी पिशवी दिसत होती. आणि माझ्या पोटात काय लिहिलंय हे मला माहीत होतं.

मिसेस रे यांनी खोडरबर काढलं. शेवटच्या पानापासून सुरुवात. तीनशे दहा, दोनशे नव्वद, दोनशे साठ. नजर खिडकीबाहेरच्या समुद्रावर. मी ओरडत होते, पण पुस्तकाला आवाज कुठे असतो? घड्याळात पावणेचार झाले. दोनशे चौदावं पान आलं. रबर फिरलं. पहिली ओळ गेली. दुसरी गेली.

तेवढ्यात दार ढकलून एफी आत आली. "नेटा, पुरे कर ती घासाघीस. मला काहीतरी हसायला दे. गुडघे नुसते बोंबलतायत."

"हे घे. गुलाबी आहे बघ, तुझ्या आवडीचं."

एफीनं चष्मा नाकावर चढवला आणि आधी सातवं पान पाहिलं. "मी तर वाचलेलं नाही. डोलिनानं वाचलंय." आणि ती थबकली. "नेटा, ही जेसीची होडी."

"जेसीची कशी असेल? जेसी जाऊन तीन वर्षं झाली. पुस्तक आलंय गेल्या वर्षी."

"चाळीस वर्षं ही होडी बघतेय मी. जेसीचीच आहे." एफी क्षणभर गाडीतल्या बाळाकडे बघत राहिली. "जेसीनं ही आणखी एकीलाच शिकवली होती. ती पोर गेली कुठे?"

"बटरी आणायला. वीस मिनिटं झाली खरं तर."

मिसेस रे यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला ओढून घेतलं आणि नुकतंच खोडलेलं पान उघडलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याचं लिखाण वाचलं. दोनच ओळी उरल्या होत्या.

'हिला माझ्यापेक्षा बरी आई मिळायला हवी. चारच्या बसनं जातेय, शोधू नका.'

घड्याळात चारला आठ मिनिटं कमी होती.

मित्रांनो, मिसेस रे यांनी मला बाबागाडीच्या खालच्या जाळीत टाकलं आणि गाडी ढकलत निघाल्या, म्हणून मला सगळं आठवतं. बंदराकडे उतरणारा दगडी रस्ता, खडखडणारी चाकं, रडणारी मिरेन, आणि एरवी जिन्याच्या दोन पायऱ्या चढताना थांबणारी एफी आमच्या पुढे चाललेली. वळणावरून बसचा आवाज आला. आम्ही बंदराच्या भिंतीपाशी पोचलो तेव्हा बसचं दार उघडलेलं होतं आणि सेंगाचा एक पाय पायरीवर होता.

"सेंगा!" एफीला धाप लागली होती. "बेकरी इकडे आहे, पोरी."

सेंगा वळली नाही. "मला जाऊ दे, एफीमावशी. माझ्यात काहीतरी बिघडलंय. बघून काही वाटतच नाही मला. सगळ्यांना वाटतं, मला नाही वाटत."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला? त्या गुलाबी पुस्तकातल्या बाईला?"

बसचालक वुली मिल्ननं हॉर्न वाजवला. "बायांनो, चढायचंय की गप्पा मारायच्यात? मला वेळेवर पोचायचंय."

एफी त्याच्याकडे वळली. "वुली मिल्न, तू जन्मलास तेव्हा तुझी आई महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तुला दूध मी पाजलंय. घरी जाऊन विचार तिला. तोवर गप्प बस."

वुलीनं बस बंद केली.

मिरेनसुद्धा हुंदके देत थांबली. एफी सेंगाचा हात न धरता नुसती तिच्याशेजारी उभी राहिली.

"माझ्या दुसऱ्या पोरीच्या वेळी मी तिला माशांच्या टोपलीत ठेवलं आणि कोळशाच्या खोलीत जाऊन बसले. बाहेर यायचंच नाही असं ठरवून. तुझ्या आजीनं मला बाहेर काढलं. जेसीनं विचारलं, बाळ रडतंय ते ऐकू येतंय मला, तू कशी आहेस ते सांग. तेवढंच. बेचाळीस वर्षं झाली, मी कुणाला बोलले नाही. चुकलंच माझं." मग तिनं विचारलं, "तू कशी आहेस, सेंगा?"

सेंगानं पायरीवरचा पाय खाली घेतला. मग ती बंदराच्या भिंतीला टेकून जशी रडली, तसं रडणं मला माझ्या तीनशे चाळीस पानांत कुठेच छापलेलं सापडणार नाही.

त्या दिवशी जादू झाली नाही, मुलांनो. दुसऱ्या दिवशी एफी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी सांगितलं की हा एक आजार आहे, पुष्कळ जणींना होतो, त्यावर उपचार आहेत आणि यात तुझा काही दोष नाही. कॅलमला निरोप गेला, तो परतला आणि पुढचे काही महिने किनाऱ्यावरच राहिला. आठवडे गेले, औषधं झाली, चांगले दिवस आणि वाईट दिवस आलटून पालटून आले. मिरेन सात महिन्यांची असताना वाचनालयात शिंकली आणि स्वतःच्याच शिंकेला दचकली. सेंगाला हसू फुटलं आणि तिनं तिला उचलून घेतलं. मी फळीवरून पाहत होते. तिचे हात आता परके नव्हते.

मिसेस रे यांनी मात्र माझ्यावर पुन्हा खोडरबर चालवलं नाही. हळूहळू माझी कोरी जागा भरू लागली. मासा काढून एफीनं टोपलीची गोष्ट लिहिली. दोन सुया काढून एक्याऐंशी वर्षांच्या डोलिनानं लिहिलं, 'तिसऱ्याच्या वेळी मी महिनाभर रडले. का, ते अजून कळलेलं नाही.' खाली कुणीतरी विचारलं होतं, 'ही पॉपी तीन महिने होती कुठे? आम्हालाही पत्ता द्या.'

पुढे नवी पुस्तकं आली. माझ्यावर 'रद्द' असा शिक्का बसला आणि मी तळघरातल्या खोक्यात गेले. ओल लागली, एक कोपरा उंदरानं कुरतडला. निवृत्त होताना मिसेस रे यांनी मला शोधून काढलं आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात, वाट बघणाऱ्यांच्या बाकाजवळ ठेवलं. अजून मी तिथंच आहे.

गेल्या महिन्यात एक उंच मुलगी हात पट्टीत बांधून आली. कंटाळून तिनं मला उचललं. सातव्या पानावर आईनं तिला शिकवलेली होडी पाहिली आणि ती सावरून बसली. मग दोनशे चौदावं पान. खोडलेल्या दोन ओळींवर तिनं बोट फिरवलं. शिसं गेलं तरी पेन्सिलीचा ओरखडा कागदात राहतो. नंतर दाराबाहेर जाऊन तिनं फोन लावला.

"आई, हात ठीक आहे गं. नाही, काही नको. तू कशी आहेस, एवढंच विचारायला केला."

मित्रांनो, माझ्यासारख्या पुस्तकांवर रागावू नका. आम्ही दमलेल्या बायकांना हसवतो, ते काम काही वाईट नाही. पण आम्ही तीन महिने गाळून पुढे जातो, आणि खऱ्या आईला ते एकेक दिवसानं काढावे लागतात. तुमच्या घरी, शेजारी बाळ आलं, तर जरूर जा, गाडीत डोकावा, त्याच्या इवल्या मुठीत बोट द्या. आणि मग लगेच पळू नका. जिनं ती गाडी धरलेली असते, तिच्याकडे बघून तिलाही विचारा, आणि ती उत्तर देईपर्यंत थांबा.